स्टिअरिंगची खुंटी

१

किल्ली फिरत नसली की लोक आधी किल्लीला शिव्या देतात, मग कुलपाला. दोष बहुतेक वेळा दोघांचाही नसतो. दोष ताणाचा असतो.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. गाड्यांची कुलपं उघडणं, दुरुस्त करणं, किल्ल्या कापणं हा माझा धंदा. तो मी मोडकी कुलपं मांडीवर घेऊन, त्यातल्या पत्त्या एकेक करून सुट्या करत, एकटीनं शिकले. म्हणून कुणी विचारलं, "आजी, तुमच्यानं होईल का?" की मी त्याला दुकानाची पायरी दाखवते.

तर ताण. गाडी बंद करून किल्ली काढली की कुलपातून एक पोलादी खुंटी सरकते आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत बसते. चोरानं गाडी पळवू नये म्हणून ही सोय. आता चाक कडेच्या दगडाला टेकलेलं असेल तर दांडा त्या खुंटीवर रेलून राहतो. खुंटी आवळली जाते, किल्ली जागची हलत नाही. अशा वेळी एका हातानं स्टिअरिंग ताणाच्या उलट बाजूला जरासं ओढायचं आणि दुसऱ्या हातानं किल्ली हलकेच फिरवायची. संपलं. कुलूप रागावलेलं नसतं, ते कामात असतं.

त्या सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी तिला हेच सांगितलं.

"हलवलं गं ताई. फिरत नाही."

"कुठल्या बाजूला हलवलंस?"

"दोन्ही."

"म्हणजे फिरवता येईना, कुलूप वाकडं. येते मी."

"किल्ली मोडणार नाही ना?"

"तुझ्या हातात आहे तोवर काही सांगता येत नाही. ती खाली ठेव आणि चहाचं आधण टाक."

ती हसली नाही. एरवी हसते.

तिला हसू येत नव्हतं त्याचं कारण मला ठाऊक होतं. तिचं घर गावाबाहेर, टेकडीच्या अंगावर. तिथे बस जात नाही. थंडीत तिचा नवरा गेला आणि तेव्हापासून तिच्या मुलानं धोशा लावला होता: तू एकटी राहू शकत नाहीस, माझ्याकडे चल. त्याच्याकडे म्हणजे मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी टाकलेल्या खाटेवर. मी पाहिली आहे ती खोली. माणूस तिथे राहत नाही, ठेवला जातो. शेवटी धाकटीनं त्याच्याकडून शब्द घेतला होता की तिनं स्वतः गाडी चालवून बाजारहाट, दवाखाना करून दाखवला तर तिला तिच्या घरात राहू द्यायचं. रविवारी तो येणार होता. गाडी चालली तर ती राहणार, नाहीतर ती त्याच्या गाडीत बसणार आणि घराला कुलूप लागणार.

माझ्या बहिणीच्या घराला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचा होता. निदान मला तसं वाटत होतं.

२

गाडी घराला लागूनच्या गॅरेजमध्ये उभी होती. वर सरकणारं पत्र्याचं दार, एक खिडकी, तेलाचा वास. चाकं सरळ. आजूबाजूला दगड नाही, उतार नाही.

धाकटी आधीच स्टिअरिंगसमोर बसली होती, तोंड उतरवून. मी तिला उठवलं नाही. पलीकडून वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले आणि म्हटलं, "फिरव बघू माझ्यासमोर."

तिनं किल्ली फिरवली. लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. इंजिन सुरू झालं.

"बाई गं," मी म्हटलं, "एवढ्यासाठी माझं दुकान बंद केलंस."

"आई शपथ, ताई, मघापासून फिरत नव्हती. हाताला वळ उठलेत बघ."

वळ उठले होते खरे.

आम्ही टेकडीला फेरी मारून आलो. धाकटी बरी चालवते. जरा भित्री आहे, पण गाडी भित्र्या माणसाच्याच हातात असावी. गॅरेजमध्ये परत आल्यावर तिनं गाडी बंद केली आणि बराच वेळ किल्ली हातात धरून बसली.

"तू शेजारी होतीस म्हणून फिरली," ती म्हणाली.

"मी काय गंडादोरा आहे का तुझा?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. किल्ली फिरत नाही.

३

तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. मी त्यांना भावोजी म्हणायचे आणि त्याहून जास्त काही म्हणायची वेळ येऊ नये याची काळजी घ्यायचे.

भावोजी गाडी चालवण्याच्या परीक्षा घेत. परवाना हवा असलेल्या माणसाच्या शेजारी बसायचं, त्याला फिरवून आणायचं आणि तो पास की नापास ते ठरवायचं. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या शेजारच्या सीटवर काढलं. दुसऱ्याच्या चालवण्यावर भरवसा ठेवायचा नाही, याचाच त्यांना पगार मिळायचा. पुढे नजर अधू झाली, स्वतः चालवणं बंद झालं, तेव्हा धाकटीला पन्नाशी उलटल्यावर त्यांनी शिकवायला घेतलं. शिकवायला म्हणजे काय, तर ती चालवायची आणि ते शेजारून हात घालून स्टिअरिंग आपल्याकडे ओढायचे. खड्डा दिसला, ओढ. सायकल दिसली, ओढ. काही दिसलं नाही, तरी ओढ. "तू अजून पास नाहीस," हे वर.

मी एकदा मागच्या सीटवर होते. म्हटलं, "भावोजी, मेल्यावर तरी सोडाल ना ते?"

ते वळले नाहीत. म्हणाले, "मी सोडलं तर ही कुठे जाईल?"

शेवटी धाकटीनं त्यांच्या रजेच्या दिवशी, त्यांच्याच कचेरीतल्या दुसऱ्या माणसासमोर परीक्षा दिली आणि परवाना आणला. ते तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, "माझ्याकडे तू नापासच आहेस." आणि त्यानंतरही प्रत्येक वेळी शेजारी बसून ओढतच राहिले. मेले मात्र बिछान्यात, झोपेत, कुणाला त्रास न देता.

त्या दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पेटी घेऊन गेले आणि पहिल्यांदा गाडीची आतून नीट पाहणी केली. स्टिअरिंगपुढच्या पायपुसण्यावर झीज नव्हती. शेजारच्या सीटपुढच्या पायपुसण्याला मात्र भोक पडलं होतं. उजव्या टाचेखाली आणि चवड्याखाली, ब्रेक असता तर बरोबर तिथे.

"दाबत बसायचे," धाकटी म्हणाली. "सवय."

४

या खेपेला मी शेजारी बसले नाही. चालकाच्या दारातून वाकून, गुडघे टेकून कामाला लागले.

किल्ली झिजली असेल, म्हणून घरात पडलेली दुसरी, कधीच न वापरलेली किल्ली घातली. तीही पूर्ण आत गेली आणि फिरली नाही. कुलपात धूळ असेल, म्हणून ग्राफाइटची पूड फुंकली. पत्त्या मोकळ्या होत्या, किल्लीच्या दातांवर एकेक उठून बसल्याचं बोटांना कळत होतं. कुलूप ठणठणीत होतं.

मग स्टिअरिंगला हात लावला. ताण होता. शेजारच्या सीटकडे.

उलट बाजूला ओढून पाहिलं. सुटेना. तशी माझ्या हातात अजून पुरुषाला लाजवेल एवढी ताकद आहे, पण मी ओढलं की तोही ओढायचा. तो म्हणजे ताण. धंद्यात आम्ही वस्तूंना तो, ती म्हणतो, त्यात काही नाही.

चाक कशात तरी अडकलं असेल. जॅक लावून गाडीचं तोंड उचललं, खाली आधाराला लोखंडी घोड्या दिल्या. पुढची दोन्ही चाकं हवेत. आता चाकाला टेकायला या जगात काही नव्हतं. स्टिअरिंगला हात लावला. ताण होता.

मग वाटलं, या नव्या गाड्यांत स्टिअरिंग हलकं करायला एक मोटर असते, ती बिघडून फिरू पाहत असेल. बॅटरीची तार काढली. ताण होता.

मग मी खाली पालथी झाले आणि पायाजवळचा सांधा सोडवला, जिथे स्टिअरिंगचा दांडा चाकांकडे जाणाऱ्या यंत्राला जोडलेला असतो. बोल्ट काढला, सांधा बाजूला सरकवला. आता ते स्टिअरिंग कशालाच जोडलेलं नव्हतं. खेळण्यातल्या गाडीचं असतं तसं नुसतं गोल कडं. खुंटीच्या फटीएवढं इकडेतिकडे ते ढिलं लटपटायला हवं होतं.

मी वर आले, गुडघे झाडले आणि बोट लावलं.

ते लटपटत नव्हतं. शेजारच्या सीटकडे ओढलेलं होतं आणि बारीक थरथरत होतं. भरलेली बादली वर येताना विहिरीचा दोर थरथरतो तसं.

मी कड्यावरून सगळीकडे हात फिरवला. गॅरेज सावलीत, दुपारचंही गार असतं ते. कडं गार होतं. फक्त एके ठिकाणी, शेजारी बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल तिथे, चार बोटं मावतील एवढी जागा कोमट होती.

मी तिथून हात काढला. स्प्रिंग असेल, मी स्वतःला सांगितलं. दांड्याच्या आत गुंडाळी केलेली तार असते, ती पिळली गेली असेल. आणि माझाच हात मघापासून तिथे असेल. हातांचं काय, ते कुठेही असतात.

५

"खुंटीच काढून टाकते," मी धाकटीला म्हटलं. ती चहा घेऊन दारात उभी होती. "ना रहेगा बांस. खुंटी नसली की ताण असो नसो, किल्ली फिरणार. स्टिअरिंग कधी अडकायचंच नाही."

"चोरी झाली तर?"

"तुझी ही गाडी चोरेल त्याला वर खाऊ द्यावा लागेल."

ती आत आली नाही. शेजारच्या सीटच्या खिडकीकडे बघत राहिली.

"ताई, एक विचारू? किल्ली फिरत नाही तेव्हा कोण कुणाला धरून असतं?"

"खुंटी दांड्याला धरते. दांडा ओढतो म्हणून खुंटी सुटत नाही."

"म्हणजे कोणी ओढत असलं तरी खुंटी त्याला फिरवू देत नाही."

"हो."

"मग राहू दे ना ती."

"आणि रविवारी काय सांगशील मुलाला? खुंटी चांगली आहे, म्हणून मी चालले मशीनशेजारी झोपायला?"

तिला गप्प करणं मला लहानपणापासून जमतं. आमची आई म्हणायची, थोरलीची जीभ म्हणजे कानस आहे. मला त्याचा अभिमान होता.

आवरण उघडून मी छोटा ग्राइंडर आत घातला. खुंटी दिसत होती, दांड्यानं आवळून धरलेली. ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास आला. खुंटी तुटली.

तुटली त्याच क्षणी स्टिअरिंग गरकन फिरलं. शेजारच्या सीटकडे, पुरा वेढा. माझ्या मनगटावर आदळलं, ग्राइंडर हातातून पडला. धाकटीच्या हातातला कप खळकन बशीवर आपटला.

मग ते परत आलं. सावकाश, न डगमगता, आणि अगदी मध्यावर येऊन थांबलं. वळण घेतल्यावर चाकं सरळ करावीत तसं.

"स्प्रिंग," मी म्हटलं.

"हो," धाकटी म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

अर्धवट काम मला जमत नाही. मी खुंटीचा उरलेला तुकडा काढला. दांडा बाहेर घेतला आणि त्याच्यावरची खाचही घासून घासून सपाट केली, पुन्हा कधी काही अडकायला नको म्हणून. सगळं जोडलं, बॅटरी लावली, गाडी खाली उतरवली. बोट लावलं तर स्टिअरिंग हलकं, गुणी. ताण कुठेच नव्हता. किल्ली एका बोटानं फिरली. काम चोख झालं होतं. ते मी आजही कुणाच्या तोंडावर सांगेन.

६

शुक्रवारी दुपारी तिनं मला माझ्या दुकानापर्यंत गाडीनं सोडायचं ठरवलं. रविवारची रंगीत तालीम. मी पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसले, पट्टा लावला.

काय सुरेख चालवली तिनं. टेकडीचा उतार, खालचा पूल, बाजारातली गर्दी. एका टेम्पोवाल्यानं आडवी घातली तर तिनं काच खाली करून त्याला असं काही सुनावलं की मला वाटलं, ही माझीच बहीण. गालांवर रंग आला होता.

"ताई, मी परसदारी भाजी लावणार आहे."

"लाव."

"आणि त्यांची खोली रंगवणार आहे. पिवळी."

"हळदीच्या अंगाची दिसेल. पण रंगव, तुझं घर आहे."

"माझं घर आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिनं पुन्हा एकदा, नुसतंच, पुढच्या काचेकडे बघत म्हटलं.

सगळ्या वाटेत स्टिअरिंग एकदाही ओढलं गेलं नाही. मी बघत होते. मी तसलं काही मानत नाही, पण बघत होते. आणि एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती, ती खटकली नाही: त्या गाडीत ओढणाऱ्याची जी जागा, तिथे मी बसले होते.

७

दुकानासमोर तिनं गाडी थांबवली. मी पट्टा सोडला, पेटी उचलली, उतरले, दार लावलं.

गाडीत टुंग टुंग वाजायला लागलं.

शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं असलं की या गाड्या तसं वाजतात. सीटखाली वजन कळण्याची सोय असते. जड पिशवी ठेवली तरी वाजतं. माझी पेटी माझ्या हातात होती. मी काचेतून वाकून पाहिलं, सीटवर काही नव्हतं. सीटचं कापड मात्र दबलेलं होतं. मी आत्ताच उठले होते, दबलेलं असणारच.

"काय वाजतंय गं?" धाकटीनं आतून विचारलं.

"बंद करून परत चालू कर," मी म्हटलं. धंद्यात आम्ही सगळ्यांना हेच सांगतो.

पण मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. "घरी जाऊन करते," ती म्हणाली आणि गाडी काढली. मी पायरीवर उभी राहिले. कोपऱ्यावर दोन फाटे आहेत. एक पूल ओलांडून टेकडीकडे, तिच्या घराकडे जातो. दुसरा जुन्या मैदानाकडे. भावोजी तिथे परीक्षा घ्यायचे. दगडाच्या खाणीनं ते मैदान अर्धं खाल्लंय, आणि कड ढासळल्यापासून त्या रस्त्यानं कुणी जात नाही.

कोपऱ्यापाशी धाकटीनं मागे वळून मला हात केला. दुसऱ्या हातानं ती शेजारच्या पट्ट्याशी झटत होती, ते वाजणं थांबवायला. मागच्या काचेतून मला तिचे दोन्ही हात स्वच्छ दिसले.

गाडी वळली. दिवा लावून, वेग कमी करून, चाकं नीट सरळ करत. असं वळण परीक्षेत पूर्ण गुणांचं. फाटा मात्र खाणीचा होता.

मी हातातली पेटी टाकली आणि फोन लावला. तिच्या गाडीत फोन हात न लावता बोलता येतो, मीच करून दिलं होतं ते. दोनदा वाजून तिनं घेतला. आधी नुसता रस्त्याचा आवाज आला, मग खडीचा. टुंग टुंग थांबलं होतं. कुणीतरी पट्टा लावला होता.

"धाकटे, गाडी थांबव."

"हो," ती म्हणाली. पण हे ती मला म्हणाली नव्हती. आवाज लहान झाला होता, शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखा. "हो. घेते. नाही, बघितलं मी आरशात. हो."

"ब्रेक दाब. पायानं दाब, जोरात."

"ताई," आता ती माझ्याशी बोलत होती, अगदी हळू, शेजारी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तशी. "ते जे तू काढलंस ना, ते परत बसवता येतं का गं?"

खडी संपून माती लागल्याचं मला ऐकू येत होतं. माझ्या कामाबद्दल मी तोवर आयुष्यात कुणाशी खोटं बोलले नव्हते.

"येतं," मी म्हटलं.